न चाखता घातलेलं मीठ

५ ऑक्टोबर, सोमवार

सासऱ्यांना घरी आणलं. मी आणि माझा कामावरचा जोडीदार लांब्या, एकाने खांदे धरले, एकाने पाय. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. स्वतःच्याच मटणाच्या दुकानात ओल्या फरशीवर घसरले. सगळं आयुष्य त्या फरशीवर उभं राहून काढलंय! त्यांचं घर दुकानावर, जिना उभा. आमची खोली तळमजल्याला. म्हणून इथे.

खाट खिडकीशी लावली. पडल्या पडल्या त्यांनी सगळी खोली नजरेने झाडून घेतली. मग मला फ्रीज उघडायला लावला. वरचा कप्पा माझा, खालचा बायकोचा. म्हणाले, वर तुम्ही का? मी म्हटलं, माझ्या कप्प्यातून गळलं तर पाण्याचा थेंब गळेल, तिच्या कप्प्यातून काय गळेल सांगता येत नाही.

"डोकं आहे जावईबापूंना," ते बायकोला म्हणाले. "वापरत नाहीत एवढंच."

६ ऑक्टोबर, मंगळवार

वारा नव्हता. दिवसभर दोरावर. बाराव्या मजल्याच्या काचा पुसत होतो, तर आत ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. एका बाईने केकचा तुकडा काचेपाशी आणून मला दाखवला. मी मान हलवली. लांब्या शेजारच्या दोरावरून ओरडला, बाई, त्यात दूध-अंडं आहे, ते ध्यान खात नाही, मला द्या! ती काच उघडणारीच नाही. दोघेही तसेच खाली आलो.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आज बायकोने एक गोष्ट मागितली. दोन वर्षांत तिने मला तिची कढईसुद्धा कधी घासायला सांगितली नाही. माझं पातेलं स्टीलचं, तिची कढई काळी. माझी पळी लाकडी, तिची लोखंडी. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. दुकानातून आली की आधी लिंबाच्या सालाने हात घासते, आंघोळ करते, मग माझ्याजवळ बसते. हे पण मी कधी सांगितलेलं नाही.

तर ती म्हणाली, बाबांचं वजन फार उतरलंय, डॉक्टर ओरडले. मी उजाडायच्या आत दुकानात जाते. तू कामाला निघायच्या आधी त्यांच्यासाठी हाडांचा रस्सा चढवशील का? मी तुकडे करून, धुऊन डब्यात ठेवीन. तुला फक्त पाणी, कांदा, मीठ.

मी पातेलं उगाच जागचं हलवलं. मग म्हणाली, "नाही म्हणालास तरी माझं काही म्हणणं नाही."

असं बोलल्यावर माणूस नाही कसं म्हणणार! मी म्हटलं, शिजवीन. चाखणार नाही.

"चाखू नकोस. मीठ चिमूटभर घाल. जास्त नको."

सासरे काकडीच्या फोडीवर मूठभर मीठ घेतात. आणि ही म्हणते चिमूटभर. असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

चढवला. नाकाला रुमाल बांधला होता. सासरे खाटेवरून बघत होते. म्हणाले, दरोडा घालताय की रस्सा?

इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार. मी काही पुण्य वगैरे कमवायला बसलेलो नाही. सहावीत शाळा सोडली, त्यानंतर पायाला चाकं लागली. वीटभट्टी, गोदाम, कोंबड्यांची शेड, मग एका मोठ्या गोठ्यावर. तिथे वासरू हलवलं की गाय ओरडायची. पहिल्या दिवशी ओरडायची, दुसऱ्या दिवशी ओरडायची, मग घोगरी व्हायची. बाकीच्यांना झोप लागायची, मला नाही लागायची. एका सकाळी चहा समोर आला आणि तो पिववेना. बस, एवढंच. ‘व्हीगन’ हा शब्द फार नंतर मुकादमाच्या पोरीने सांगितला. तोवर मी नुसताच हट्टी होतो. आता हट्टाला नाव मिळालं!

निघताना दोन्ही भांडी ओट्यावर ठेवली, तिचा रस्सा आणि माझी घेवड्याची उसळ. दोन्ही सासऱ्यांच्या हाताला येतील अशी ठेव, हे तिने दोनदा बजावलं होतं. उसळ कशाला, मी विचारलं. म्हणाली, राहू दे, ओटा मोकळा दिसतो.

११ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी. दर रविवारी तिच्या सुऱ्यांना धार मीच लावतो. लांब्याला हे समजत नाही. म्हणतो, तू खात नाहीस आणि हत्याराला धार लावतोस? मी म्हटलं, बोथट सुरीने तिचा हात कापला तर तू येणार आहेस टाके घालायला? काच पुसण्याची रबरी पट्टी आणि सुरी, दोन्ही नीट कलतं धरलं की काम होतं. अंगठ्याने धार बघून ती खूश होते. तिचं ते खूश होणं मला आवडतं. त्यात खाणं-न खाणं कुठे आलं!

दुपारी तिचा चुलतभाऊ सासऱ्यांना बघायला आला. केसांना इतकं चोपडून येतो की आम्ही त्याला चकचक्या म्हणतो (मागे). फळं आणली. मग विषय काढला, काका, आता दुकानाचं काय?

सासरे माझ्यासमोरच म्हणाले. आवाज चढवला नाही, अगदी निवांत म्हणाले.

"पोरगी चांगली आहे कामाला. माझ्यापेक्षा चांगली. पण तिच्या घरात अर्धी चूल पाल्याची. आज हा एकटा खात नाही, उद्या हिलापण लावील त्याच नादाला. मटणवाल्याच्याच घरात मटण शिजत नाही हे गिऱ्हाईकाला कळलं की ते दुसऱ्या दिवशी समोरच्याकडे जातं. दुकान घरातलं खाणारं माणूसच चालवतं."

चकचक्याने मान डोलावली. डोकं खिडकीच्या उजेडात चमकलं.

बायको कांदा चिरत होती. एकदाही वर बघितलं नाही. कांदा मात्र इतका बारीक झाला की शिजवायचं कामच उरलं नाही.

महिना संपला की सांगतो म्हणाले.

१२ ऑक्टोबर, सोमवार

तिला दुकान हवं आहे. तसं म्हणत नाही. पण लहानपणी खोक्यावर उभी राहून वजन करायची, हे शंभरदा सांगून झालंय. आमची ओळखही तिथलीच. उन्हातून आलो होतो आणि दुकानातल्या पंख्याखाली उभा राहिलो. ती म्हणाली, काय देऊ? मी म्हटलं, काही नको, मी खात नाही. ती म्हणाली, "मग वाऱ्याचे पैसे द्या." दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही. पंखा घरी होता माझ्याकडे!

म्हणजे आता तिच्या आणि दुकानाच्या मधे कोण उभं आहे? मी.

१४ ऑक्टोबर, बुधवार

ठेकेदाराने बोलावलं. दूरच्या शहरात नवं काम, इथल्या दुप्पट उंचीचे टॉवर. खोली देणार, जोडीने आलं तरी चालेल. एक तारखेपर्यंत हो की नाही सांग म्हणाला. माझ्या तळपायाला लगेच खाज सुटली. एका जागी दोन वर्षं मी ह्याआधी कधी काढलेली नाहीत.

घरी सांगितलं. ती म्हणाली, दुकान त्याच्याकडे गेलं तर येते मी, तू म्हणशील तिथे.

मला आनंद झाला. मग तिच्याकडे बघितलं. बोलताना ती सुऱ्यांच्या पेटीचं झाकण उघडत होती आणि लावत होती. आनंदाची मला लाज वाटली.

१७ ऑक्टोबर, शनिवार

रस्सा जमायला लागलाय. सासऱ्यांना रोज विचारतो, कसा होता? रोज एकच उत्तर. ठीक. रश्श्याचं भांडं मात्र लख्ख! हाडं कागदात गुंडाळून ठेवलेली. चिमूटभर मीठ म्हणजे फारच कमी वाटलं, मी आता चमचाभर घालतो. तिला सांगितलं नाही. आजारी माणसाच्या तोंडाला चव नको का?

माझी उसळ हल्ली पुरत नाही. सकाळी पातेलंभर करतो, संध्याकाळी तळाशी चार दाणे. बायकोला विचारलं. म्हणाली, "तुझ्या पाल्याला मी हात लावते का कधी?" मग लांब्यावर संशय. पण तो दिवसभर माझ्याशेजारी लटकलेला असतो.

१८ ऑक्टोबर, रविवार

धार. कपडे. सासऱ्यांची दाढी केली. गाल भरलेत जरा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, रश्श्याचा गुण.

मला खरंच बरं वाटलं. माझ्या हाताचा गुण! नाकाला रुमाल बांधून शिजवलेला असला तरी.

२० ऑक्टोबर, मंगळवार

वारा. काम बंद. दिवसभर घरी, सासरे आणि मी. वाटलं होतं दोघांना आपापली भिंत बघत बसावं लागेल. पण पत्ते निघाले. बुढ्ढा लबाडी करतो! प्लास्टरच्या फटीत एक्का लपवला होता. पकडल्यावर म्हणाले, खाज सुटली होती म्हणून घातला.

जेवायला दिलं. रश्श्याची वाटी हातात घेऊन बसून राहिले. म्हणाले, तुम्ही समोर बसलात की मला घास जात नाही, तुमचा चेहरा बघून. जा, बाहेर फिरून या. त्यांचंही बरोबर आहे. गेलो. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आलो तर वाटी रिकामी. जिन्याखालचा बोका खिडकीच्या कठड्यावर बसून मिशा पुसत होता. तोही हल्ली गोल झालाय. ह्या गल्लीत सगळ्यांचं चांगलं चाललंय.

एक गोष्ट विचारली त्यांनी. लग्नात दिलेले कातडी बूट कधी घातले नाहीत तुम्ही. मी म्हटलं, जपून ठेवलेत. ते म्हणाले, माहीत आहे. बराच वेळ पत्ते पिसत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या सासूबाईंनी निवडले होते. त्यांना सांगायला हवं होतं मी. राहूनच गेलं."

सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्याबद्दल हे माणूस बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

काच, काच, काच. संध्याकाळी बायकोचे पाय चेपले. दुकानात दिवसभर उभी एकटी. म्हणते, आज गिऱ्हाईकांची रांग दारापर्यंत. सांगताना दमलेली होती आणि हसत होती.

ठेकेदाराचा विषय मी काढला नाही. तिने पण नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

आईचा गावाहून फोन. दर वेळी एकच चौकशी — काय खातोस? मग हळूच, सून अजून खाते का ते? मी म्हटलं, खाते. मग तू काही म्हणत नाहीस का? मी म्हटलं, ती मला काही म्हणते का?

आई म्हणाली, बरं, निदान दूध तरी घे. ह्या बाबतीत आई आणि सासरे एका पक्षात आहेत. आयुष्यात भेटले ते एकदाच, लग्नात!

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आज घोळ झाला.

सकाळी घाई. मुकादमाचा फोन कानाला, दोन्ही शेगड्या पेटलेल्या. मीठ घातलं, झाकलं, डबा भरला, पळालो. दुपारी गच्चीवर डबा उघडला. पहिला घास आणि जीभ जळाली! लांब्याने खाऊन बघितलं आणि थुंकला. म्हणाला, समुद्र उकळलास काय?

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोन्ही भांड्यांचं मीठ मी उसळीतच घातलं. रश्श्यात एक कणही नाही. चाखून बघणारा असतो तर तिथल्या तिथे कळलं असतं. म्हातारा माणूस बिचारा आज अळणी रस्सा गिळत बसला असेल, वर मला काही बोलणारही नाही. दिवसभर जिवाला चैन नाही.

घरी आलो. आत जाता जाताच विचारलं, आज रस्सा कसा होता?

"फर्मास. आज मीठ अगदी बरोबर पडलं."

मी पाण्याची कळशी उचलली. सकाळी काठोकाठ भरून ठेवली होती. रिकामी. उशाशी दोन तांबे, तेही रिकामे. आणि माझ्यासमोर परत म्हणाले, जरा पाणी द्या बरं.

दिलं. उसळीचं झाकण उचललं. अर्धं पातेलं गेलेलं.

कठड्यावर बोका. माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मी त्याच्या घरी आलोय.

२८ ऑक्टोबर, बुधवार

वारा नव्हता, तरी कामाला गेलो नाही. लांब्याला सांगितलं, पोट बिघडलंय. तो म्हणाला, बिघडणारच.

जेवायच्या वेळी सासऱ्यांपुढे ताट ठेवलं. पाव, उसळ, काकडी. रश्श्याची वाटी ठेवली नाही. मी पण माझं ताट घेऊन समोर बसलो. चेहरा त्यांच्याकडे करून.

ते ताटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग खिडकीकडे. खिडकी मी लावून घेतली होती. बोका बाहेरून काचेवर पंजा मारत होता.

पाव मोडला. उसळीत बुडवला. खाल्ला.

"आज मीठ कमी आहे," म्हणाले.

मी मिठाचं भांडं पुढे सरकवलं. त्यांनी मूठभर घेतलं. आम्ही जेवलो. ताट पुसून झाल्यावरच बोलले.

"ती गेल्यापासून नाही जात घशाखाली. दिवसभर हाताळतो, काही वाटत नाही. ताटात आलं की ती वाढतेय असं वाटतं. दीड वर्ष बटाटे उकडून खातोय. एकच येतं करता." मग म्हणाले, "पोरीला सांगू नका. गिऱ्हाईकाला कळलं तर संपलंच."

मी म्हटलं, "मामा, दीड वर्षात एक तरी गिऱ्हाईक कमी झालं का?"

त्यांनी ताट पुढे केलं. उसळ अजून आहे का विचारलं.

दुकानाचं मी एवढंच बोललो, पुढे काही नाही. दुखऱ्या माणसाला कोपऱ्यात घेऊन काही मागायचं नाही. मनात मात्र घोडे पळत होते. गप्प राहिलो तर दुकान चकचक्याचं, आम्ही दोघं नव्या शहरात, दुप्पट उंचीवर! माझ्या मनासारखं! आणि तरी दिवसभर मनात एकच, त्यांनी बदलावं. तिलाच द्यावं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

रोज दोघांसाठी उसळ. रस्सा पण चढवावाच लागतो, नाहीतर बायको विचारेल. आता रुमाल बांधत नाही. सवय झाली असं नाही, नुसता विसरलो.

१ नोव्हेंबर, रविवार

चकचक्या सकाळीच आला. नवा शर्ट. सासऱ्यांनी त्याला बसायला सांगितलं, बायकोला हाक मारली, मलाही थांबवलं. उशीखालून किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. काही प्रस्तावना नाही. जणू काही तिच्याच होत्या आणि खाली पडल्या होत्या.

चकचक्या म्हणाला, काका, पण तुम्हीच तर म्हणाला होतात, घरातलं खाणारं माणूस पाहिजे!

सासरे म्हणाले, "विकणारं पाहिजे. खायला गिऱ्हाईक आहे."

तो चहा न पिता गेला. बायकोने किल्ल्या पदराला बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ हात धुत राहिली. आज सासऱ्यांनी तिला घरीच थांबवलं होतं. दुकानात गेलीच नव्हती.

ठेकेदाराला फोन केला. येत नाही म्हटलं. तो म्हणाला, तू? एका जागी? तब्येत बरी आहे ना?

आहे की. तळपायाला खाज आहे. राहू दे, खाजवीन.

२ नोव्हेंबर, सोमवार

रात्री न राहवून बायकोला सगळं सांगितलं. बाबांचं, बोक्याचं, अळणी रश्श्याचं. वाटलं, रडेल. ती सुरी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, मला दीड वर्षापासून माहीत आहे. त्यांच्या मोरीत रोज बटाट्याची सालं दिसायची. तोंडावर विचारलं असतं तर कबूल झाले नसते, उपाशी राहिले असते. म्हणूनच आपल्याकडे आणलं, म्हणूनच तुझं पातेलं त्यांच्या हाताशी.

मी म्हटलं, मग महिनाभर मला तो रस्सा कशाला शिजवायला लावलास?

"रश्श्याच्या आडोशाशिवाय तुझ्या पातेल्याकडे वळले असते का ते? आणि तुला मीठ चिमूटभरच घाल म्हणून सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "बोक्याला सोसत नाही."